बुजलेलं काज

रफूताई कामावरून घरी आली की आधी तिचं हसू जिना चढायचं आणि मागून ती. तळमजल्यावर भेटलेल्या कुणाच्या तरी फालतू विनोदावर ती जी सुरू व्हायची, ती थेट आपल्या दाराला किल्ली लावेपर्यंत. त्या हसण्याची एक ठरलेली वाट होती. सुरुवातीला आत ओढलेला श्वास, किटलीला उकळी फुटताना वाजते तशी बारीक शिट्टी. मग जिन्यावरून कुणी रिकामा डबा सोडून द्यावा तसा खडखडाट. मग एकदम शांतता. त्या शांततेत नवख्या माणसाला वाटायचं, बाई गेली. आणि मग नाकातून असा काही फुर्रर्र आवाज यायचा, की ज्याला मुळात विनोद कळलेलाच नव्हता तोही हसायला लागायचा. शेजारीपाजारी तिच्या तोंडावर म्हणत, "अगं, बाईमाणसानं असं हसावं का?" आणि एखाद्या दिवशी जिना गप्प राहिला की दार किलकिलं करून एकमेकांना विचारत, "आज आवाज नाही, बरी आहे ना?"

तिला खरं नाव होतं. ते वीजबिलावर होतं आणि तिथंच राहिलं. नवरा लांब पल्ल्याच्या ट्रकवर, तो घरी पाहुण्यासारखा यायचा आणि पाहुण्यासारखंच जेवणाचं कौतुक करून जायचा. तोसुद्धा तिला रफूताईच म्हणायचा. आता बायकोला ताई म्हणणारा नवरा आमच्या इमारतीत तो एकच, पण ते असो.

कपडे धुऊन, इस्त्री करून देणाऱ्या एका जुन्या दुकानात, मागच्या खिडकीशी तिची खुर्ची होती. ठिगळ लावणं वेगळं आणि रफू वेगळं. ठिगळ दिसतं. रफू दिसलं तर ते रफूच नव्हे. कपड्याच्या आतल्या शिवणीतून, जिथं कुणी बघत नाही तिथून, त्याच कापडाचे धागे सोडवून घ्यायचे, केसाएवढ्या सुईत ओवायचे आणि भोकावर आधी उभे, मग आडवे असे विणत जायचं. दिवसभर मान खाली. काम उत्तम झालं की ते झालंय हे कुणाला कळतसुद्धा नाही. ही विद्या तिला आईनं दिली होती. आईनं आयुष्यभर हेच केलं, आणि हसायचीही अशीच, फुर्रर्रसकट. म्हणजे सुई आणि हसू दोन्ही एकाच पेटीतून आलेलं.

दुकानात आणखी दोघं. गल्ल्यावर मालक, ज्यांना गिऱ्हाइकाशी बोलताना आपण फार मोठी फॅक्टरी चालवतो असं वाटे. आणि इस्त्रीवर एक लांबोडका माणूस, सदा वाफेत उभा असलेला, म्हणून वाफोबा. दुकानाची एक पद्धत होती. कपडा आला की मालक भोकाभोवती खडूनं गोल काढत. गोलात जे असेल ते रफूताईनं बुजवायचं. ती विचारत नसे, मालक सांगत नसत, आणि वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललेलं.

एकदा एका हेडमास्तरांचा काळा कोट आला. पुढच्या बाजूला कसरीनं खाल्लेलं भोक. मालक तेव्हा फोनवर बोलत होते, त्या भरात त्यांनी गोल काढला तो बशीएवढा. रफूताईनं मान खाली घातली ती दोन दिवस वर केली नाही. गोलात एक गोल भोक होतं आणि एक आडवी चीर, कडा झिजलेली, दोरे सुटलेली. तिनं दोन्ही बुजवलं. असं बुजवलं की कापड नुकतंच मागावरून उतरलंय असं वाटावं.

हेडमास्तर आले, आरशासमोर उभे राहिले, कोट घातला. "वा!" म्हणाले. मग बटण लावायला गेले. वरचं लागलं. खालचं लागलं. मधलं बटण बोटांत धरून ते काज शोधू लागले. बोट इकडे नेलं, तिकडे नेलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग कोटाची दुसरी बाजू उलटून बघितली, जणू काज रागावून तिकडे जाऊन बसलंय.

"इथं एक काज होतं," ते म्हणाले.

मालक म्हणाले, "असेल की साहेब. नीट बघा."

वाफोबा वाफेतून म्हणाला, "साहेब, बटणही काढून देऊ का? म्हणजे काज लागणारच नाही."

रफूताई उठून आली, तिनं कोटावरून बोट फिरवलं, आणि तिच्या लक्षात आलं. ती चीर फाटलेली नव्हती. ते काज होतं. तिनं काज बुजवलं होतं! शिट्टी झाली, डबा गडगडला, शांतता पसरली, हेडमास्तरांनी घाबरून "पाणी द्या, पाणी द्या" म्हटलं, आणि मग तो फुर्रर्र. हेडमास्तर हसले, मालक हसले, वाफोबानं इस्त्री उभी करून ठेवली आणि पोट धरलं.

ती इतकी का हसली हे मात्र तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. ती शाळकरी पोर होती तेव्हा आईनं तिला पहिल्यांदा खराखुरा, एका डॉक्टरांचा कोट रफू करायला दिला होता, आणि तिनं तेव्हाही हेच केलं होतं. काज बुजवलं होतं. आईनं बोटांनी चाचपलं, भोक सापडेना म्हणून खूश झाली, मग काजही सापडेना तेव्हा जमिनीवर बसून हसली. "असला उद्योग जगात एकटी तूच करू शकतेस," आई म्हणाली होती. दोघी खिडकीखाली बसून नाकातून फुर्रर्र करत राहिल्या होत्या. इतक्या वर्षांनी दुकानात तीच खिडकी तिच्या डोळ्यांसमोर आली. पण हे आतल्या शिवणीतलं होतं. बाहेरून दिसलं ते फक्त एक बाई वेड्यासारखी हसतेय एवढंच.

आणि तेवढंच फोनमध्ये गेलं. कारण तेव्हा तिची भाची, भावाची मुलगी, घरचे पडदे न्यायला दुकानात आली होती. भाची म्हणजे जेवायच्या आधी ताटाचा फोटो काढणारी पिढी. तिनं आत्याचं हसणं टिपलं आणि तिथल्या तिथं नेटवर टाकलं.

आठवड्याभरात ते हसू सुटं झालं. म्हणजे असं की कोट गेला, हेडमास्तर गेले, दुकान गेलं, रफूताईचा चेहराही गेला. उरला नुसता आवाज. लोक तो आवाज आपापल्या व्हिडिओला लावू लागले. मांजर टेबलावरून पडली, लाव हसू. नवरीचा पाय झग्यात अडकला, लाव हसू. कुणाचा केक कलंडला, कुणाची खुर्ची मोडली, कुणी भर मीटिंगमध्ये झोपला, खाली रफूताई हसतेय. बसच्या रांगेत ती उभी असायची आणि तिच्या पाठीमागच्या माणसाच्या खिशातून ती हसायची. नवऱ्याचा फोन आला, "अगं, पेट्रोल पंपावर झोपलो होतो. बाजूच्या गाडीत तू हसलीस. मला वाटलं घरी पोचलो. उठून चप्पल शोधायला लागलो."

सुरुवातीला गंमत होती, खोटं कशाला बोला. आमच्या जिन्यात तर दिवाळखोर माणसाला लॉटरी लागल्यासारखं झालं. जे लोक "बाईमाणसानं असं हसावं का" म्हणायचे तेच आपल्या पाहुण्यांना सांगू लागले, "ती ना? आमच्या वरच राहते. आमची रोजची ऊठबस." मालकांनी दुकानाबाहेर तिचा मोठा फोटो लावला, खाली लिहिलं, हसणाऱ्या रफूताई इथेच. मग दुकानाचं खातं उघडलं आणि संध्याकाळी लाइव्ह सुरू केलं.

लोक यायला लागले. काहींच्या हातात कपडेसुद्धा नसायचे.

"काकू, एकदा हसा ना."

"अहो, काय कारण?"

"कारण कशाला? तसंच हसा. त्या व्हिडिओतल्यासारखं."

ती हसायची. पहिले काही दिवस तिला त्या मागणीचंच हसू यायचं, त्यामुळे भागलं. मग मागणी जुनी झाली. मग ती नुसता आवाज काढू लागली. समोरचा फोन खाली करून म्हणायचा, "तसं नाही आलं. ते शेवटचं नाकातलं नीट नाही आलं." एक बाई तर आपल्या मैत्रिणीला तिच्यासमोरच म्हणाली, "ही ती नसेल गं. दुकानवाले कुणालाही बसवतात."

मालक चिंतेत पडले. दुसऱ्या कुठल्या तरी शहरात एक तरुण मुलगी रफूताईसारखी हसून दाखवायची, तिच्या मागे रफूताईपेक्षा जास्त लोक होते. "ती बघा कशी करते," मालक म्हणाले. "शिट्टी लांबवते. तुमची शिट्टी आखूड पडते हल्ली. जरा प्रॅक्टिस करा."

"कशाची प्रॅक्टिस?"

"तुमच्या हसण्याची!"

वाफोबा म्हणाला, "मालक, उद्यापासून मला घाम येण्याचीही प्रॅक्टिस द्या. हल्ली पूर्वीसारखा येत नाही."

पण रफूताईनं खरंच प्रॅक्टिस केली. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की ती फोन खिडकीच्या कडेला उभा करून स्वतःचा व्हिडिओ लावायची. श्वास कुठं आत घेतला, डबा किती वेळ गडगडला, शांतता कितीशी लांब होती. एखादी गुंतागुंतीची वीण उलगडून पाहावी तसं तिनं आपलं हसू उलगडलं, आणि परत विणलं. जमलं. चांगलं जमलं. लाइव्हमध्ये लोकांनी लिहिलं, आज अगदी ओरिजिनल. मालकांनी चहाबरोबर बिस्किटं मागवली.

आणि मग एक दिवस वाफोबा पाण्याच्या बादलीत बसला. म्हणजे मुद्दाम नाही, मागं सरकताना तोल गेला, अर्धा आत, अर्धा बाहेर, हातात कुणाचीतरी पँट उंच धरून, कारण इस्त्री झालेली होती. तिच्याकडे बघून तो वाट पाहत राहिला. बादलीत बसलेल्या माणसाला दुसरं काय करता येणार? रफूताईनं त्याच्याकडे बघितलं. हे हसण्यासारखं आहे, असं तिच्या मनात आलं. आता शिट्टी, असंही आलं. शिट्टी आली नाही. ती उठली, हात देऊन त्याला बाहेर काढलं, आणि परत खुर्चीत बसून सुई उचलली.

"काय झालं गं?" वाफोबानं विचारलं.

"कुठं काय?"

"दुखतंय-खुपतंय?"

"काही नाही दुखत," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. कुठंच काही दुखत नव्हतं. जास्त वेळ मांडी घालून बसलं की पाय आपला वाटत नाही, चिमटा काढला तरी दुसऱ्याला काढल्यासारखा वाटतो, तसं काहीसं झालं होतं. मुंग्याही आल्या नव्हत्या. मुंग्या आल्या असत्या तर निदान पाय जागा होतोय असं म्हणता आलं असतं.

तिचं काम सुरू होतं. जेवण सुरू होतं. मालकांनी सांगितलं की ती आवाज काढायची. बसच्या रांगेत एकदा पुढच्या माणसाच्या फोनवर तिला एक व्हिडिओ दिसला. कुणीतरी म्हातारी बाई न्हाणीघराच्या ओल्या फरशीवरून घसरते, हात हवेत जातात, आणि ती पडते त्याच क्षणाला रफूताईचं हसू सुरू होतं. माणसानं ते दोनदा पाहिलं. तिनंही दोनदा पाहिलं. तिची स्वतःची आई अशीच न्हाणीघरात पडली होती आणि तेव्हापासून अंथरुणाला होती. हे तिला आठवलं. आठवलं आणि बस आली म्हणून ती बसमध्ये चढली.

आई भावाकडे असायची. डोळे जवळजवळ गेलेले, आठवणींची तर चाळण झालेली. जुन्या गोष्टी चाळणीत वर राहिलेल्या, नव्या सगळ्या खाली गळून गेलेल्या. कोण आलं, कोण गेलं कळत नसे. दिवसभर हातांना एकच उद्योग. अंगातल्या लोकरी जाकिटाची बटणं वरून खाली लावायची, मग खालून वर काढायची. त्या बोटांना आयुष्यभर कपड्याची सवय, ती स्वस्थ बसतील कशी? मुलाचा आवाज आला की विचारायची, "मीटर बघायला आलात का?" सुनेला नर्स समजायची. फक्त एका माणसाला ती अजून बिनचूक ओळखत होती. दर रविवारी दारात ते हसू फुटलं की म्हातारी उशीवरून मान उचलून म्हणायची, "आली का गं माझी पोर?" तेवढ्यासाठी रफूताई दोन बस बदलून जायची. आठवड्याचा सगळा शीण त्या एका वाक्यावर फिटायचा.

त्या रविवारी ती गेली तेव्हा दारात काही फुटलं नाही. चपला काढून ती सरळ पलंगाशी जाऊन बसली.

"आई, मी आले."

"कोण?"

"मी गं."

"इंजेक्शनवाली का? आज नको. कालच दिलं दुसरीनं."

वहिनी सुपाची वाटी घेऊन आली. वहिनी वाईट नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर लोक लगेच सुनेच्या नावानं बोटं मोडतात. सासूचं सगळं तीच करत होती आणि बरीचशी कुरकुर न करता. "अहो वन्सं, हसा ना जरा," ती म्हणाली. "तुमच्या हसण्यावरच तर ओळखतात त्या."

रफूताईनं श्वास आत ओढला. शिट्टी. डबा. शांतता. फुर्रर्र. एकही पायरी चुकली नाही. मालकांनी ऐकलं असतं तर बिस्किटांवर केकही मागवला असता.

आईनं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं. जरा वेळ कानोसा घेतला. "ही कोण नक्कल करतेय?" ती म्हणाली. मग उशीवर मान ठेवत, "बरी करते. शेजारची पोरंही करायची. पण माझी पोर नाही ही."

"अहो आई, त्याच आहेत!" वहिनी म्हणाली.

"नर्सबाई, मला काय बहिरी समजता?"

सूप गार होत होतं. वहिनीनं फोन काढला, बोटानं चार वेळा काहीतरी केलं, आणि खोलीत दुकानातलं ते हसू वाजलं. म्हातारीनं झटक्यात मान उचलली. "आलीस? केवढा उशीर गं!" तिचा हात हवेत चाचपडत पुढं आला. वहिनीनं तिच्या हातात फोन दिला. आई फोनच्या पाठीवरून अंगठा फिरवत राहिली, जसा पोरीच्या मनगटावरून फिरवावा, आणि तोंड उघडून सूप घेऊ लागली.

"जेवायला त्रास देतात ना, मग मी हेच लावते," वहिनी म्हणाली, जराशी ओशाळून. "तुम्ही रोज कुठून येणार? आणि तुम्हालाही दोन दोन बस. खरं सांगू वन्सं, एखाद्या रविवारी नाही जमलं तरी आता अडत नाही."

"हो," रफूताई म्हणाली. "सोयीचं आहे."

भाची दारात उभी होती. तिचा चेहरा पडला होता. "आत्या, मी काढून टाकू का तो व्हिडिओ?"

"निघेल?"

"माझ्याकडचा निघेल. बाकीचे..." तिनं खांदे उडवले. "आता तो आवाज सगळ्यांकडे आहे ना."

"मग राहू दे. आजीला लागतो."

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. आपल्याला रडू यायला हवं, हे तिला कळत होतं. हिशोबानं आत्ता यायला हवं होतं. तिनं थोडी वाट पाहिली, मग तिकीट शोधलं, मग उतरली.

पुढच्या रविवारी ती गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काही कारण नव्हतं. वहिनीचा निरोप आला नसता तर त्याच्या पुढच्यालाही गेली नसती, आणि मग एकदा न जाणं अंगवळणी पडलं की माणूस कुठं जातं? निरोप साधा होता. आईंच्या जाकिटाला कोपरावर भोकं पडलीत, दुसरं घालू देत नाहीत, येऊन बघा.

ती सुयांची डबी घेऊन गेली. आईच्या अंगात सुनेचा स्वेटर होता आणि त्याला बटणं नव्हती, म्हणून म्हातारी हैराण झाली होती. हात नुसते पोटावरून फिरत होते. वहिनीनं जाकीट आणून दिलं. रफूताई पलंगाशेजारी खिडकीखाली बसली. हसायचा प्रयत्न तिनं केला नाही, नावही सांगितलं नाही. आईनं एकदा विचारलं, "कोण बसलंय?" रफूताई म्हणाली, "शिवणकामवाली." आईनं मान हलवली. "उजेडात बस," म्हणाली. "डोळे जातील."

तिनं जाकीट उलटं केलं, आतल्या शिवणीतून धागे सोडवले. लोकर जुनी, धागा पटकन तुटणारा. दोन कोपर. मग बगलेखाली एक बारीक भोक. मग पुढच्या बाजूला एक. हाताला जे उघडं लागलं ते ती बुजवत गेली, आधी उभे धागे, मग आडवे. डोक्यात काहीच नव्हतं. बाहेर रस्त्यावर कुणाच्यातरी फोनमध्ये ती हसली आणि पुढं निघून गेली. तिनं सुई थांबवली नाही.

झाल्यावर वहिनीनं स्वेटर काढून आईला जाकीट चढवलं आणि वाटी धुवायला स्वयंपाकघरात गेली. म्हातारीचा जीव भांड्यात पडला. बोटं लगेच कामाला लागली. वरचं बटण लागलं. दुसरं लागलं. तिसरं बटण धरून आई थांबली.

बोट इकडे गेलं, तिकडे गेलं. परत वर जाऊन पहिल्यापासून मोजत खाली आलं. परत थांबलं. मग आईनं ती जागा दोन बोटांच्या चिमटीत धरली, उलटी करून आतून चाचपली, नखानं हलकेच खरवडली. त्या बोटांना डोळ्यांची गरज कधीच नव्हती.

"इथं काज होतं," आई म्हणाली.

रफूताईनं वर बघितलं.

"काज बुजवलं," आई म्हणाली. तिची बोटं अजून तिथंच होती. सुरकुत्यांच्या आत कुठंतरी काहीतरी हललं. "अगं ए येडे! परत काज बुजवलंस?"

रफूताई पलंगाजवळ सरकली.

"कोट नाही का त्या डॉक्टरचा? बिचारा बटण धरून उभा. असला उद्योग जगात..." आईला वाक्य पुरं करता आलं नाही, कारण शिट्टी सुरू झाली होती. बारीक, जुनी, मध्येच फाटणारी शिट्टी. मग डबा गडगडला, पण थोडाच, जिन्याच्या दोनच पायऱ्या असल्यासारखा. मग शांतता. ही शांतता इतकी लांबली, की रफूताई गुडघ्यांवर उठून पलंगाला धरून बसली. आणि मग आईच्या नाकातून तो फुर्रर्र.

स्वयंपाकघरातून वहिनी ओरडली, "वन्सं, बंद करा हो तो फोन! जेवण झालंय त्यांचं, उगाच कशाला लावता?"

"फोन तुमच्याकडेच आहे, वहिनी," रफूताई म्हणाली.

आतला नळ बंद झाला.

आईनं हात पुढं केला. तो हवेत चाचपडला, रफूताईच्या खांद्याला लागला, दंडावरून खाली आला आणि मधल्या बोटाशी थांबला. त्या बोटाच्या टोकाला सुईनं पडलेले घट्टे होते, आईच्या बोटाला होते त्याच जागी. आईनं ते बोट मुठीत धरलं. "कधी आलीस?" ती म्हणाली. "सांगायचं नाही का? मी आपली शिवणकामवाली समजून बसलेय."

"आत्ताच आले."

"हसली नाहीस?"

रफूताईनं घशात वाट पाहिली. शिंक येईल येईल वाटावी आणि येऊ नये, तसं काहीतरी तिथं होतं. कदाचित होतं. "नाही गं आज," ती म्हणाली.

"बरं," आई म्हणाली. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही.

रफूताईनं डबीतली लहान कात्री काढली. "थांब, मोकळं करून देते."

"राहू दे," आई म्हणाली. "चांगलं झालंय काम. सापडत नव्हतं बघ." एका हाताच्या मुठीत लेकीचं बोट, आणि दुसऱ्या हातानं ती चौथं बटण लावायला लागली. एका हातानं ते लागेना, पण बोट काही सोडेना. वहिनी ओल्या हातांनी दारात येऊन उभी होती. रफूताईनं मोकळ्या हातानं जाकिटाची कड धरली, आईनं बटण सरकवलं, आणि दोघींनी मिळून ते लावलं.